रोगाची व्याख्या आणि कंबरेचा घेर

एखाद्या रोगास नांव कोणीं दिलें, केव्हां दिलें आणि कां दिलें, याची चौकशी रोग्यानें करूं नये अशी रीत आहे. त्यानें औषध घ्यावें आणि पथ्य पाळावें. परंतु अलीकडे वैद्यशास्त्रांत कांहीं नांवें अशीं निघालीं आहेत कीं, त्यांचा इतिहास ठाऊक असल्यावांचून आपण रोगी आहों कीं निरोगी, हेंहि माणसास कळणें कठीण व्हावें. देवीच्या रोगाबद्दल दोन वैद्यांत वाद पडला तरी त्याचा निकाल अंगावरील फोड देत असत. हिंवतापाचा निकाल काचेवर घेतलेला रक्ताचा थेंब देतो. पण ज्या विकारास आज 'मेटाबोलिक सिंड्रोम' म्हणतात, आणि ज्यास या लेखांत आम्ही 'चयापचय-लक्षणसमूह' किंवा नुसतें 'लक्षणसमूह' म्हणणार आहों, त्याचा निकाल कोणताहि फोड अथवा थेंब देत नाहीं. तो निकाल एक यादी देते. आणि ती यादी १९९८ पासून २००९ पर्यंतच्या अवघ्या अकरा वर्षांत निदान सहा वेळां नव्यानें लिहिली गेली.

या यादींतील नांवें प्रथम सांगून टाकूं. पोटाभोंवतीं साठलेला मेद, वाढलेला रक्तदाब, उपाशीपोटीं असावी त्याहून अधिक रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड नांवाच्या स्निग्ध द्रव्याचें रक्तांतील आधिक्य, आणि एच. डी. एल. या कोलेस्टेरॉलची, ज्यास लोक 'चांगलें कोलेस्टेरॉल' म्हणतात त्याची, उणीव. हीं लक्षणें एकाच देहांत जमूं पाहतात, आणि तीं ज्याच्या ठायीं जमलीं त्यास पुढें मधुमेह व हृदयविकार होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो; एवढ्याबद्दल कोणाचा मतभेद नाहीं. मतभेद आहे तो निराळाच. हे पांच जण एका बापाचे लेक आहेत, कीं एका चाळींत राहणारे शेजारी आहेत? लेक असतील तर बाप कोण? आणि शेजारी असतील तर त्या सर्वांस मिळून एकच आडनांव देण्याचें प्रयोजन काय?

स्थूलपणा आणि मधुमेह यांचा संबंध नवा नव्हे. सुश्रुतानें प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असें नमूद केलें आहे, आणि चरकानें निंदित अशा आठ प्रकारच्या देहांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांसहि बसविलें आहे. यावरून आधुनिक शोध आमच्या ऋषींस आधींच ठाऊक होते असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, चरक ज्या स्थूलास ओळखतो त्यास डोळ्यांनीं ओळखतो. चालतांना ज्याचें उदर हालतें तो स्थूल. त्यास दोरी लागत नाहीं. दोरी आली ती फार पुढें, आणि ती आल्याबरोबर तंटाहि आला.

या विषयाचा आधुनिक इतिहास लिहिणारे बहुतेक स्वीडनच्या एस्किल क्यूलिन या वैद्यापासून आरंभ करितात. त्यानें १९२३ सालीं रक्तदाब, रक्तशर्करा आणि वातरक्तास कारण होणारें यूरिक अम्ल, या तिहींची वाढ एकत्र आढळते असें दाखविलें. १९३६ त लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थनें मधुमेह्यांचे दोन वर्ग केले: इन्सुलिन दिल्यावर ज्यांची शर्करा झटकन् उतरते ते एक, आणि ज्यांच्या देहावर इन्सुलिनचा प्रभाव नीट पडत नाहीं ते दुसरे. पुढें ज्यास 'इन्सुलिन-प्रतिरोध' हें नांव मिळालें त्या कल्पनेचें मूळ हेंच. १९४७ सालीं मार्सेय येथील झां वाग यानें याहून साधी, पण आमच्या मतें अधिक दूरवर पोहोंचणारी गोष्ट सांगितली. लठ्ठपणा किती, यापेक्षां तो कोठें आहे हें पाहावें. पोटावर व धडाच्या वरच्या भागांत मेद साठविणारा पुरुषी लठ्ठपणा हा मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार यांचा सोबती असून, नितंब व मांड्या यांवर साठणारा स्त्रीसुलभ लठ्ठपणा त्या मानानें निरुपद्रवी असतो, असें त्याचें म्हणणें होतें. त्या वेळीं त्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. मग साठाव्या सालानंतर इटलींत आव्होगारो व क्रेपाल्दी यांनीं, आणि १९८१ त पूर्व जर्मनींत हानेफेल्ड व लेओनहार्ट यांनीं हीं लक्षणें एकत्र बांधून दाखविलीं. 'मेटाबोलिक सिंड्रोम' हें नांव जर्मन भाषेंत तेव्हांच रूढ होऊं लागलें होतें. इंग्रजी वाचणाऱ्या जगास त्याचा पत्ता नव्हता इतकेंच.

त्या जगास जाग आली ती १९८८ सालीं. त्या वर्षीं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या बँटिंग व्याख्यानांत स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेरल्ड रीव्हन यांनीं इन्सुलिन-प्रतिरोध हाच या साऱ्यांचा बाप होय असें प्रतिपादन केलें. देहाच्या पेशी इन्सुलिनचा हुकूम मानीनाशा झाल्या म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतूं लागतें; त्यायोगें शर्करा कांहीं काळ ताब्यांत राहते, पण त्या आधिक्याबरोबर रक्तदाब चढतो, ट्रायग्लिसराइड वाढतें आणि एच. डी. एल. घटतें. या समूहास त्यांनीं 'सिंड्रोम एक्स' असें नांव दिलें. हें नांव हृदयरोगाचे वैद्य आधींपासून निराळ्याच विकारास देत होते, तेव्हां घोटाळ्याचें बीं पहिल्याच दिवशीं पडलें. पण लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, रीव्हन यांच्या समूहांत लठ्ठपणा नव्हता. स्थूल नसलेल्या आणि ज्यांची शर्करा कसोटीस उतरते अशा लोकांपैकींहि सुमारें २५ टक्क्यांत हा प्रतिरोध आढळतो, असें त्यांनीं त्याच व्याख्यानांत सांगितलें होतें. लठ्ठपणा प्रतिरोधास हातभार लावतो, पण तो समूहाचा घटक नव्हे, हें मत त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. त्यानंतर एका वर्षानें, १९८९ त, अमेरिकेच्याच नॉर्मन कॅप्लन यांनीं 'मारक चतुष्टय' म्हणून चार लक्षणांची चौकडी सांगितली, आणि तींत धडाच्या वरच्या भागांतील लठ्ठपणास पहिलें पान वाढलें. वागचा मेद मागल्या दारानें घरांत आला तो असा.

येथवर कल्पना होती, व्याख्या नव्हती. व्याख्येचें काम जागतिक आरोग्य संघटनेनें हातीं घेतलें. ब्रिटनचे आल्बर्टी व ऑस्ट्रेलियाचे झिमेट यांनीं १९९८ त कच्चा अहवाल प्रसिद्ध केला आणि १९९९ त तो संघटनेच्या नांवानें पक्का झाला. या व्याख्येस एक दरवाजा आहे. मधुमेह, शर्करेचा बिघाड किंवा इन्सुलिन-प्रतिरोध, यांपैकीं कांहीं तरी असलेंच पाहिजे. तें असेल तरच आंत येऊन पुढील चारांपैकीं दोन लक्षणें दाखवावीं: रक्तदाब १४०/९० किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरमागें १५० मिलिग्रॅम वा अधिक, अथवा एच. डी. एल. पुरुषांत ३५ हून व स्त्रियांत ३९ हून कमी. कंबर व नितंब यांचें गुणोत्तर पुरुषांत ०.९० हून व स्त्रियांत ०.८५ हून अधिक, अथवा शरीरभार निर्देशांक ३० हून अधिक. आणि मूत्रांत अल्ब्युमिनचा सूक्ष्म अंश. व्याख्या रीव्हन यांच्या विचारास धरून आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्याची शर्करा ठीक आहे त्याचा प्रतिरोध मोजावयाचा कसा? त्याची खरी रीत १९७९ त बसविली गेली होती. तींत एका शिरेंतून इन्सुलिन आणि दुसरींतून शर्करा सोडून कांहीं तास दर थोड्या मिनिटांनीं रक्त तपासावें लागतें. प्रयोगशाळेंत ही रीत शोभते. जिल्ह्याच्या दवाखान्यांत, बाहेर बाकावर चाळीस रोगी खोळंबले असतांना, ती कोण करणार?

ही अडचण ओळखून १९९९ त युरोपच्या प्रतिरोध-संशोधक मंडळानें उपाशीपोटींचें इन्सुलिनच मोजावें, आणि मधुमेह नसलेल्या लोकसमुदायांत जे वरच्या चतुर्थांशांत येतील त्यांस प्रतिरोधी समजावें, असें सुचविलें. सोय झाली खरी, पण या मापांत एक गंमत आहे. वर्गांतील वरचीं पंचवीस मुलें उंच, असें एकदां ठरविल्यावर सारा वर्ग ठेंगण्यांचा असला तरी पंचवीस उंच निघणारच, आणि सारा वर्ग ताडमाड असला तरीहि पंचवीसच! लोकसमुदाय कितीहि निरोगी असो वा रोगट असो, त्याचा चौथा हिस्सा प्रतिरोधी ठरल्यावांचून राहात नाहीं. अशा व्याख्येनें दोन देशांची तुलना करणें व्यर्थ होय.

यानंतर आली ती व्याख्या मात्र सर्वांच्या तोंडीं झाली. २००१ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल-शिक्षण योजनेच्या तज्ज्ञमंडळाचा तिसरा अहवाल निघाला. त्याचा मुख्य विषय कोलेस्टेरॉल. लक्षणसमूह हें त्यांतील एक उपांग. या मंडळानें दरवाजाच काढून टाकला. पांच लक्षणें, त्यांपैकीं कोणतींहि तीन, कीं काम झालें: कंबर पुरुषांत १०२ व स्त्रियांत ८८ सेंटिमीटरहून अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एच. डी. एल. पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० हून खालीं. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटींची शर्करा ११० किंवा वर. इन्सुलिनचें नांव नाहीं, मूत्रपरीक्षा नाहीं. एक फीत, एक रक्तदाबमापक आणि एकदां काढलेलें रक्त, एवढ्या सामुग्रीवर निदान होऊं लागलें.

या सोपेपणाची किंमत कोणती, हें थोडा हिशेब केला म्हणजे कळतें. पांचांतून तीन निवडण्याचे प्रकार दहा, चार निवडण्याचे पांच, आणि पांचहि असण्याचा एक; म्हणजे एकाच नांवाचे हे सोळा निरनिराळे रोगी झाले. एकाची कंबर मोठी, ट्रायग्लिसराइड अधिक आणि एच. डी. एल. कमी आहे, दुसऱ्याचें एच. डी. एल. कमी, रक्तदाब अधिक आणि शर्करा अधिक आहे. दोघांत साम्य एका लक्षणाचें, पण रोगाचें नांव एकच. रीव्हन यांचा बाप घरांतून निघून गेला आणि मुलांची नुसती हजेरी घेण्याचें काम तेवढें उरलें.

आतां त्या १०२ सेंटिमीटरांविषयीं. हा आंकडा आकाशांतून पडला नाहीं. तो ग्लासगोहून आला. त्या शहराच्या उत्तर भागांतील स्त्रीपुरुषांचीं मापें घेऊन लीन, हान व मॉरिसन यांनीं १९९५ त असें दाखविलें होतें कीं, पुरुषाची कंबर ९४ व स्त्रीची ८० सेंटिमीटर झाली म्हणजे शरीरभार निर्देशांक साधारणपणें २५ च्या घरांत जातो, आणि कंबर १०२ व ८८ झाली म्हणजे तो ३० च्या घरांत जातो. लोकांनीं आपलें वजन केव्हां सांभाळावें हें सांगण्याकरितां काढलेलीं हीं मापें होतीं. अमेरिकेनें त्यांतील मोठा जोड उचलला, युरोपच्या मंडळानें लहान. अमेरिकेच्या फितीवर ते इंचांत ४० आणि ३५ असे गोल आंकडे झाले. वास्तविक ३५ इंच म्हणजे ८८.९ सेंटिमीटर, म्हणजे ८८ आणि ८९ यांच्यामधल्या स्त्रियांचें काय करावयाचें हें फीत कोणत्या बाजूनें वाचावी यावर अवलंबून! शिवाय फीत कोठें धरावी याबद्दलहि एकमत नाहीं. जागतिक संघटना शेवटची बरगडी आणि कटीचें हाड यांच्या मधोमध धरावयास सांगते, अमेरिकेचे वैद्य कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर धरितात, आणि जपानांत ती बेंबीवर धरितात. शिंप्याच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या विजारीचें माप असें तीन ठिकाणीं घेतलें तर विजार त्याच्या अंगावर टिकावयाची नाहीं.

२००३ त अमेरिकेच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या वैद्यमंडळानेंहि एक पत्रक काढलें. त्यांत किती लक्षणें असावीं हा आंकडाच न देतां तो निर्णय वैद्याच्या विवेकावर सोपविला होता. तें मागें पडलें, यांत नवल नाहीं; आंकडा मागणाऱ्या काळास विवेक पुरत नाहीं.

ग्लासगोची फीत आमच्या लोकांच्या कंबरेस लागू पडत नाहीं, ही जाणीव मात्र बरीच आधीं झालेली होती. लंडनच्या पश्चिम भागांत राहणाऱ्या हिंदी, पाकिस्तानी व बांगलादेशी लोकांची तपासणी करून मकीग, शहा व मार्मट यांनीं १९९१ त लिहिलें कीं, या लोकांत पोटावरील मेद, रक्तांतील इन्सुलिन आणि मधुमेह हीं तिन्ही तेथील युरोपियनांपेक्षां अधिक आहेत. याच प्रश्नाचें सर्वांत बोलकें चित्र पुण्याहून गेलें. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनीं २००४ त 'लान्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपलीं स्वतःचींच छायाचित्रें शेजारीं शेजारीं छापलीं. दोघांचा शरीरभार निर्देशांक दशांशापर्यंत सारखा, २२.३, ज्यास जगांतील कोणतेंहि पुस्तक लठ्ठ म्हणणार नाहीं असा. पण देहांतील मेदाचें प्रमाण युडकिन यांचें ९.१ टक्के आणि याज्ञिकांचें २१.२ टक्के! दोघांचीं आडनांवें इंग्रजींत 'वाय' या अक्षरानें सुरू होतात म्हणून या विरोधाभासास 'वाय-वाय' असेंच नांव मिळालें. लांबलचक कोष्टकांनीं जें साधत नाहीं तें या एका चित्रानें साधलें. बारीक दिसणाऱ्या देहांत लपलेला मेद जन्मतःच असतो कीं काय, याचाहि तपास याज्ञिक व त्यांचे सहकारी करीत होतेच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचें निरीक्षण सुरू झालें होतें. त्या खेड्यांतील नवजात मुलें आणि इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं मुलें यांची तुलना केली असतां आमचीं मुलें सरासरी २.७ किलोग्रॅम व तिकडचीं ३.५ किलोग्रॅम भरलीं. हात, पाय, पोट सर्वच आमचें लहान. पण पाठीवरच्या कातडीखालचा मेद मात्र त्या मानानें फारसा घटलेला नव्हता. मायलेंकरें दोघेंहि अर्धपोटीं, आणि तरी मेद सांभाळून ठेवलेला. ज्या माहितीवर वैद्यानें रोग्यास 'तुमचें वजन ठीक आहे' म्हणून निश्चिंत घरीं पाठवावें, ती माहितीच आमच्याकडे किती फसवी ठरूं शकते हें यावरून ध्यानीं येईल.

२००५ त आंतरराष्ट्रीय मधुमेह संघानें जी व्याख्या केली तिच्यांत ही गोष्ट प्रथमच नियम म्हणून आली. दरवाजा पुन्हा बसविला, पण इन्सुलिनच्या जागीं आतां कंबर उभी राहिली: पोटाचा घेर मोठा असलाच पाहिजे, आणि शिवाय उरलेल्या चारांपैकीं दोन लक्षणें. तो घेर वंशपरत्वें निराळा: युरोपियन पुरुषास ९४, दक्षिण आशियाच्या पुरुषास ९०, स्त्रीस दोन्हीकडे ८०. शर्करेची रेघहि ११० वरून १०० वर उतरविली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या हृदयरोग संस्थेनें जुन्या पांचाच्या यादींत शर्करेची तीच दुरुस्ती केली, मात्र कंबरेची सक्ती केली नाहीं. जपाननें आणखी निराळी वाट धरली. तेथें क्ष-किरणांच्या छेदचित्रांत बेंबीच्या पातळीवर पोटाच्या आंतल्या मेदाचें क्षेत्र १०० चौरस सेंटिमीटर भरलें कीं धोका, असें ठरवून त्यास जुळणारी कंबर शोधली, तेव्हां ती पुरुषांत ८५ व स्त्रियांत ९० निघाली. साऱ्या जगांत स्त्रियांचा आंकडा लहान, जपानांत तोच मोठा! कारण असें कीं, स्त्रियांचा बराच मेद कातडीखालीं असतो, तेव्हां आंतला मेद तितकाच भरेपर्यंत त्यांची कंबर अधिक वाढलेली असते. तर्क बिनचूक आहे. परंतु इतरांशीं तो जुळत नाहीं. जपाननें तेवढ्यावर न थांबतां एप्रिल २००८ पासून ४० ते ७४ वर्षांच्या विमेदारांच्या वार्षिक तपासणींत फितीचा समावेश केला, आणि 'मेताबो' हा शब्द तेथल्या घरोघरीं थट्टेचा व धास्तीचा विषय झाला.

या सगळ्यांत सामान्य माणसाची अवस्था काय होते हें पाहण्याकरितां एक कल्पित गृहस्थ घेऊं. हे पुण्यांत राहतात, वय पंचेचाळीस, कंबर ९२ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड १६०, एच. डी. एल. ३८, रक्तदाब १२८/८०, उपाशीपोटींची शर्करा १०४. औषध कांहीं चालू नाहीं. १९९९ च्या जागतिक व्याख्येपुढें ते गेले तर शर्करा ११० स पोहोंचलेली नाहीं म्हणून दारावरच अडतील. प्रतिरोधाची किंवा शर्करा पाजून दोन तासांनीं घ्यावयाची परीक्षा केल्याखेरीज आंत प्रवेश नाहीं. युरोपच्या मंडळाकडे त्यांचें एकच लक्षण भरतें, एच. डी. एल. चें. अमेरिकेच्या २००१ च्या यादींत दोन भरतात, तीन लागतात, निरोगी. मग २००५ साल उजाडतें. गृहस्थांच्या अंगांत कांहींएक फरक झालेला नाहीं, रेघ मात्र ११० वरून १०० वर आली. अमेरिकेच्या यादींत त्यांचीं तीन लक्षणें भरलीं, आतां ते रोगी. आंतरराष्ट्रीय संघाच्या दृष्टीनें तर ते ठाम रोगी, कारण कंबर ९० च्या वर आहे. पण हुबेहूब याच आंकड्यांचा त्यांचा एखादा इंग्रज स्नेही असला तर ९४ च्या आंत म्हणून त्याच संघाकडून तो सुटतो. आणि आमचे गृहस्थ नोकरीनिमित्त टोकियोस जाऊन राहिले, तर तेथें कंबर ८५ च्या वर म्हणून त्यांस थांबवितील, पण इतर तीन अटींपैकीं एकच भरते म्हणून सोडून देतील. बोरीबंदराहून निघालेल्या उतारूचें तिकीट दर फाटकावर निराळें वाचावें, तशांतला हा प्रकार आहे.

हें केवळ कल्पनेंत घडतें असें नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय तपासणींतील ८,६०८ लोकांस फोर्ड व जाइल्स यांनीं २००३ त दोन व्याख्या लावून पाहिल्या. एकूण प्रमाण जवळ जवळ सारखें आलें, जागतिक संघटनेचें २५.१ व अमेरिकेचें २३.९ टक्के, आणि ८६.२ टक्के लोकांबद्दल दोन्ही व्याख्यांचा निकाल एक. वरवर पाहणारास हें समाधानकारक वाटेल. पण कृष्णवर्णीय पुरुषांकडे वळतांच तीं प्रमाणें २४.९ आणि १६.५ अशीं फांकतात. कारण त्यांचें ट्रायग्लिसराइड सहसा कमी असतें आणि एच. डी. एल. अधिक असतें, मग मधुमेह व रक्तदाब कितीहि जडलेले असोत. चेन्नईंत २,३५० लोकांवर तिन्ही व्याख्या चालविल्या, तेव्हां जागतिक संघटनेची २३.२, अमेरिकेची १८.३ व आंतरराष्ट्रीय संघाची २५.८ टक्क्यांस पकडते असें २००७ त प्रसिद्ध झालें. शहर तेंच, रक्त तेंच; पण साडेसात टक्के लोक एका कागदावर आहेत आणि दुसऱ्यावर नाहींत.

इतकें झाल्यावर कोणीं तरी मूळ प्रश्न विचारणें प्राप्तच होतें. तो २००५ च्या सप्टेंबरांत अमेरिका व युरोप येथील दोन्ही मधुमेह संस्थांच्या वतीनें कान, ब्यूज, फेरानिनी व स्टर्न या चौघांनीं विचारला. मर्यादेचे आंकडे कशाच्या आधारें घेतले? मधुमेह जडलेल्या माणसास मधुमेहाची पूर्वसूचना देणाऱ्या यादींत कशाला बसवितां? वय, धूम्रपान आणि दुसरें कोलेस्टेरॉल हीं हृदयविकाराचीं ठळक कारणें यादींत कां नाहींत? आणि मुख्य म्हणजे, पांचांची बेरीज केल्यावर जो धोका येतो त्याहून समूहाचा धोका तिळभर तरी अधिक आहे काय? नसेल, तर रक्तदाबास रक्तदाबाचें व शर्करेस शर्करेचें औषध द्यावें. तिसरें नांव कशास? त्यानंतर वर्षभरानें खुद्द रीव्हन यांनींच हें निदान आवश्यक आहे काय असा प्रश्न मथळ्यांत घालून लेख लिहिला, आणि उत्तर नकारार्थी दिलें. ज्यानें झाड लावलें त्यानेंच कुऱ्हाड मागावी, असा प्रसंग शास्त्राच्या इतिहासांत फारसा येत नाहीं. मात्र त्यांचा रोष कल्पनेवर नव्हता. प्रतिरोधाच्या विचारांतून चिकित्सकानें ओढूनताणून काढलेल्या निदानावर होता.

नांवास बाजारहि चिकटतो, हें त्याच सुमारास दिसलें. रिमोनाबांट नांवाचें भूक मारणारें औषध २००६ त युरोपांत विक्रीस निघालें. लठ्ठ माणसांकरितां, आणि ज्यांचें वजन थोडें अधिक असून शर्करा वा स्निग्ध द्रव्यें बिघडलीं आहेत त्यांच्याकरितां. कंबर कमी होत असे. पण त्याबरोबर कांहींचें मनहि खचत असे, आत्महत्येचे विचार येत असत. अमेरिकेच्या सल्लागारांनीं २००७ त त्यास नकार दिला, आणि ऑक्टोबर २००८ मध्यें युरोपांतील विक्री थांबविण्यांत आली. कंबरेचा घेर कमी करणें म्हणजे माणूस बरा करणें नव्हे, ही गोष्ट त्यानें बऱ्याच महागांत शिकविली.

२००९ त सहा आंतरराष्ट्रीय व अमेरिकन संस्था एकत्र बसल्या आणि त्यांनीं तडजोड केली: पांचांपैकीं तीन, कोणत्याहि अटीची सक्ती नाहीं, आणि कंबरेची मर्यादा ज्या त्या लोकांची ज्यानें त्यानें ठरवावी. त्याच वर्षीं भारतीय वैद्यांच्या संयुक्त पत्रकानें आपल्या लोकांकरितां आंकडे दिले: पुरुषाची कंबर ७८ व स्त्रीची ७२ झाली कीं सावध व्हावें, ९० व ८० झाली कीं उपचारास लागावें, आणि निर्देशांक २३ च्या पुढें गेला कीं वजन अधिक समजावें. आमच्या मतें या साऱ्या वादांतून आमच्या वाचकांच्या खरोखर पदरांत पडावें असें कांहीं असेल तर तें हेंच. लक्षणसमूह हा रोग आहे कीं नाहीं हा प्रश्न तज्ज्ञांनीं खुशाल लांबवावा. परंतु येथें वजनाचा कांटा माणसास फसवितो आणि दोन आण्यांची फीत फसवीत नाहीं, ही गोष्ट कोणत्याहि परिषदेच्या निकालाची वाट पाहात नाहीं. २०२३ त प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणींत निर्देशांकाप्रमाणें लठ्ठ असे २८.६ टक्के प्रौढ निघाले, आणि पोटाच्या घेराप्रमाणें ३९.५ टक्के. मधला जो वर्ग आहे त्यास कांट्यानें ठीक आहां म्हणून सांगितलेलें आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं आपल्या तज्ज्ञांचें मत प्रसिद्ध केलें, त्यांत ही कल्पना शिकविण्यापुरती उपयोगी असली तरी निदान किंवा उपचार यांसाठीं तिचा उपयोग मर्यादित आहे, आणि ज्यांस मधुमेह वा हृदयविकार आधींच जडला आहे त्यांस तिच्यांत मोजूं नये, असें म्हटलें आहे. सही करणारांत रीव्हन होते, आणि १९९८ चा पहिला मसुदा लिहिणारे आल्बर्टीहि होते. याउपर यादी निकालांत निघावयास हवी होती. ती निघाली नाहीं. जून २०२३ मध्यें यकृतांत मेद साठण्याच्या विकारास नवें नांव देतांना तज्ज्ञांनीं तीच पांच लक्षणें पुन्हा पुढें आणलीं: यकृतांत मेद आहे, आणि घेर किंवा वजन, शर्करा, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड व एच. डी. एल. यांपैकीं एक जरी बिघडलें असेल, तरी निदान पक्कें. पूर्वीं तीन लागत. आतां एक पुरतें.